दोन कोरड्या गोवऱ्या

माझी मैत्रीण कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेस्टरला मुलीकडे होते. आदल्याच आठवड्यात आमचं बोलणं झालं होतं. तिच्या बेसिंगस्टोकला गारठा फार आहे, म्हणाली. गोवऱ्या आहेत ना पुरेशा, मी विचारलं. "आहेत गं, भरपूर आहेत." आयुष्यभर इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली त्या बाईने, जाता जाता मलाही दिली, फोनवरून.

गोवऱ्या म्हणजे लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले ठोकळे. शब्द तिचाच. तिचा नवरा श्रीधर होता तोवर त्यांच्या बर्नरमध्ये, म्हणजे खोली तापवायच्या लोखंडी शेगडीत, फक्त ओंडके जळायचे, त्याने स्वतः फोडलेले, बागेतल्या उघड्या छपराखाली वाळवलेले. तो गेला आणि कुमुदच्या संधिवाताच्या बोटांना कुऱ्हाड काही पेलेना. हे ठोकळे मीच सुचवले. आधी तिने नाक मुरडलं; हे कसलं लाकूड, ह्या तर गोवऱ्या! पण पहिल्याच संध्याकाळी दोन ठोकळ्यांवर खोली अशी उबदार झाली की बाईसाहेब शाल काढून बसल्या. मग प्रत्येक वेळी खोके उतरवून घेताना म्हणायची, "माझ्या गोवऱ्या अजून मसणात गेल्या नाहीत हं, डिलिव्हरीने घरी आल्यात." आणि इतकी हसायची की काही न कळताही डिलिव्हरीवाला हसायचा.

या गोवऱ्यांचं एकच नाटक, पाणी चालत नाही. ओंडका भिजला तर पुन्हा वाळतो. ठोकळा भिजला की फुगून परत भुसा. म्हणून ती खोके जिन्याखाली रचायची. ख्रिसमसला ईलिंगहून तिचा मुलगा, निखिल आला. आई अडखळून पडेल म्हणून, ती दुपारची झोपलेली असताना, त्याने सगळे खोके बागेत बाबांच्या छपराखाली नेऊन ठेवले. लाकूड बाहेर ठेवतात, एवढंच त्याला बापाकडे बघून ठाऊक. ती उठली तेव्हा पाऊस सुरू झालेला... थोड्याच भिजल्या, असं तिने मला नंतर फोनवर सांगितलं. त्याला बोललीस का, विचारलं तर म्हणाली, "कशाला? हौसेने केलं गं त्याने."

हौस म्हणे! घरात हीटिंग होतं, पण आई विसरते म्हणून त्याची सगळी बटणं निखिलच्या फोनमध्ये. जरा वाढव म्हणायला फोन करावा, तर तो मीटिंगमध्ये असेल याचीच हिला काळजी. थंडीने गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट, असेल. पण थंडीत गेली, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. अंत्यविधीला निखिल इंग्रजीत छान बोलला. आईला फायरसमोर बसायला किती आवडायचं, ते सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. माझा संताप झाला, तो अजून उतरलेला नाही.

पुढच्या आठवड्यात घर आवरायला गेले. छपराखाली खोके फुटून नुसता भुशाचा चिखल झाला होता, एक ठोकळा शाबूत नव्हता. म्हणजे ख्रिसमसपासून बाई विस्तवाशिवाय अशीच बसून होती. बर्नर मात्र लख्ख पुसलेला. आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात, उदबत्त्यांशेजारी, पिशवीत नीट गुंडाळलेल्या दोन गोवऱ्या. कोरड्या. मी तिथेच खाली बसले. त्याच शेवटच्या फोनवर ती म्हणाली होती की निखिल शनिवारी येतोय, आला की बर्नर पेटवणार, लहानपणापासून त्याला गारठा सोसत नाही...

निखिल मागून आला. "मावशी, हे ब्लॉक्स पण कचऱ्याच्या टिपला नेऊ का?"

"तुझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या रे तिने."

तो गोंधळला. मग अगदी अदबीने म्हणाला, "मला? पण आमच्याकडे अंडरफ्लोअर हीटिंग आहे, मावशी. तुम्ही घ्या ना."

घेतल्या. माझ्या फ्लॅटमध्ये बर्नर नाही. रेडिएटरच्या वरच्या फळीवर ठेवल्यात, कोरड्या राहाव्यात म्हणून.