गाण्यात घातलेली बोटं

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं, आणि चौघांनाही कोणी विचारत नव्हतं. हुबळी-धारवाडात ऑर्केस्ट्राला मागणी, कॉलेजच्या फेस्टमध्ये दुसऱ्यांची गाजलेली गाणी चालतात. आमची गाणी स्वतःची, अर्धी मराठी अर्धी कन्नड. एवढं सांगितलं की आयोजक मोबाईल बघायला लागायचे. धारवाडच्या केलगेरी भागात गिटारवाल्याच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथे सराव चालायचा.

मी गायचे आणि गाणी लिहायचे. त्याआधी बरीच वर्षं कामगार संघटनेची पत्रकं लिहिली. तिथे एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: एक तरी खरा, नेमका तपशील घाल, नाहीतर लोक कागद चुरगाळून टाकतात.

आमच्या ड्रमरचे वडील कंत्राटी सफाई कामगार. माणसाला गटारात उतरवायला कायद्याने बंदी आहे, तरी कंत्राटदार उतरवतो आणि वर उभा राहून फोनवर बोलतो. लोखंडी झाकण पडून वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी त्यावर गाणं केलं. नाव घातलं नाही, बोटं घातली.

ड्रमरने ऐकून घेतलं. "अप्पांना विचारलंस?"

"नाव कुठेय त्यात?"

"अक्का, दोन बोटं नसलेले किती जण गटारात उतरतात गावात?"

"म्हणून तर लिहायचं."

त्याने काठ्या उचलल्या आणि वाजवायला लागला. मी तो होकार धरला. मला सोयीचं होतं.

धारवाडच्या एका कॉलेजने दुपारची वेळ दिली. कुठलाही बँड करणार नाही ते मी केलं. गाण्याचे बोल छापले, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि गेटवर उभी राहून वाटले. सवयच ती. पोरं कागद हातात धरून आमच्याबरोबर गायली. व्हिडिओ फिरला. बेळगावहून बोलावणं आलं. आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

तो कागद कंत्राटदारापर्यंत पोचला. कंत्राटी माणसाला कोणी काढत नाही, फक्त उद्या येऊ नको म्हणतात. ड्रमरच्या वडिलांना तेच सांगितलं.

मी त्यांच्या घरी गेले. पिशवीत नव्या पत्रकाचा मसुदा होता.

"गाणं चांगलंय पोरी," ते म्हणाले. "मोबाईलवर बघितलं. एवढं सगळं सुचलं तुला, मला विचारायचं तेवढं सुचलं नाही."

"आपण लढू काका. कायदा आपल्या बाजूने आहे."

"असेल की. वर उभा असेल कुठंतरी."

ड्रमर भिंतीला टेकून बसला होता. हसला नाही.

"आता एक काम कर," वडील म्हणाले. "कंत्राटदाराला लिहून पायजे, गाण्यातला माणूस मी नव्हं म्हणून. तुझं कन्नड चांगलंय. ज्यानं लिवलं त्याचीच सही पायजे म्हणतोय."

मी बराच वेळ वाद घातला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं: हे गाणं काल्पनिक आहे, त्याचा कुठल्याही कामगाराशी संबंध नाही, कामावर सगळी सुरक्षा दिली जाते. शेवटचं वाक्य कंत्राटदाराने सांगून धाडलं होतं. खाली सही केली.

सोमवारी त्यांना कामावर घेतलं. मंगळवारी ते पुन्हा गटारात उतरले.