एका बातमीची दोन कोर्टं

"भोरच्या कोर्टात पाऊल ठेवलंत तर फसलात," पुण्याचे वकील म्हणाले.

आदल्याच दिवशी भोरचे वकील बापूसाहेब मला म्हणाले होते, "कोर्टात उभे राहिला नाहीत तर फसलात."

मी दोघांनाही फी देत होतो.

तेव्हा भोर हे संस्थान होतं आणि मी तिथं चार पानी साप्ताहिक चालवत होतो. वेल्ह्याकडच्या एका पाटलांनी कुंपण घालून धनगरांची मेंढरं न्यायची वाट अडवली, अशी सहा ओळींची बातमी मी छापली. एका धनगरानं ऑफिसात येऊन सांगितली होती. पाटलांनी अब्रूनुकसानीचे दोन दावे लावले. अंक भोरात छापला म्हणून एक भोरच्या कोर्टात. पाटील राहायला इंग्रजी हद्दीत आणि अंक तिथंही वाचला गेला, म्हणून दुसरा पुण्यात.

बापूसाहेबांना पुण्याच्या कोर्टात उभं राहता येईना. त्यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, संस्थानातला. म्हणून पुण्याला दुसरे वकील केले. ते म्हणत, तुमच्यावर हुकमत कोणत्या कोर्टाची हाच मुद्दा आहे. भोरात हजर झालात की ती हुकमत कबूल केल्यासारखं होईल. बापूसाहेब म्हणत, गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल, म्हणजे तुमचं न ऐकताच निकाल लागेल.

"पण बातमी खरी आहे," मी म्हणालो.

"तो मुद्दा अजून आलेलाच नाही," बापूसाहेब म्हणाले.

पुण्याच्या वकिलांनीही हेच सांगितलं. एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

एका तारखेचे पंधरा रुपये. वर्गणी वर्षाला दोन रुपये. सहा महिन्यांत कागद आणायला पैसे उरले नाहीत आणि अंक बंद पडला. रोज सकाळी मी छापखाना उघडायचो, मशीन पुसायचो आणि दोन्ही वकिलांची पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचायचो. प्रत्येक पत्र एकटं वाचलं की पटायचं.

एकदा पुण्याहून परतताना कात्रजच्या घाटात सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची प्रवासी गाडी, तापली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. आम्ही सगळे खाली उतरलो. पाहतो तर पाटीलही त्याच मोटारीत. तेच जवळ आले.

"संपादक, तुमचा वकील काय घेतो?"

मी आकडा सांगितला.

"माझं बी दोन हायेत. म्हशी इकल्या म्या. दोन्हीकडं दावा टाका म्हनले, टाकला. आता कंचा खरा, इचारलं तर दोघं बी हसत्यात."

"कुंपण घातलंत की नाही, ते सांगा."

"घातलं की. मेंढरं ज्वारीत घुसत्यात. वाट अडवायची न्हवती मला. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं. पुतनीचं लगीन ठरत हुतं, पाव्हन्यांनी तुमचा कागुद वाचला आन् उठून गेलं."

मी धनगराला विचारलं होतं, त्याच्याबरोबर आलेल्या दोन शेजाऱ्यांना विचारलं होतं. पाटलांना विचारलंच नव्हतं.

नसरापूरच्या फाट्यावर ते उतरले. तोवर ठरलं होतं. त्यांनी कुंपणाला फाटक करायचं, मेंढरांना वाट द्यायची. मी त्यांची बाजू छापायची. दोन्ही दावे मागं.

चारही वकील नाराज झाले. दावा काढून घेतो असं कोर्टाला लिहून द्यावं लागतं, त्याला पुरसीस म्हणतात. तिचेही चौघांनी पैसे घेतले.

फाटक आठवड्यात झालं. पाटलांची बाजू छापायला मला चार महिने लागले, कारण कागद उसना मिळेना. पुतणीचं ते लग्न मात्र मोडलं ते मोडलंच.

कोणत्या वकिलाचं बरोबर होतं, हे मला आजही कळलेलं नाही. वेल्ह्याला जाऊन पाटलांना विचारायला एक दिवस लागला असता, एवढं कळलं.