जाळीचा खांब घेऊन नेकनूरला

बीड ते नेकनूर हा रस्ता पुष्कळांनी पाहिला असेल, पण बारा हात लांबीचा लोखंडी खांब सोबत घेऊन तो बहुधा आम्हीच पहिल्यांदा पाहिला. ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी पौष-माघात जावे. नदीला घोट्याएवढे पाणी असते, ज्वारी हुरड्याला आलेली असते आणि घाट चढताना बैलांना धाप कमी लागते. खांब नेण्याची सक्ती नाही.

आमचे जाणे असे ठरले. मी मूळचा शिरूर कासारचा. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून बीडला उस्ताद करीमभाईंच्या लोहारखान्यात काम करतो. नेकनूरच्या बाजारात कंदील टांगायला पाच खांब हवे होते. लाकडी खांब दोन पावसाळ्यांत वाळवी खाते आणि भरीव लोखंडाचा खांब घाटातून चढवायचा तर बैल जागेवर बसतात. सरकारी ओव्हरसियर साहेब उस्तादांना म्हणाले, वजनाला हलका आणि ताकदीला भारी असा एक खांब करून दाखवा, तो टिकला तर बाकीचे चार तुमचेच. उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. मी घाबरून हातातली कानस खाली ठेवली.

खरे म्हणजे तसा खांब माझ्या डोक्यात वर्षभर होता. काठी वाकवली की सगळा ताण तिच्या कडांवर येतो, मधला गाभा नुसता बसून असतो. मग तो गाभा काढूनच टाकला तर? चार कोपऱ्यांना चार उभ्या कोनपट्ट्या, खाली एक हात रुंद, वर एक वीतभर, आणि चारी अंगांना तिरक्या पट्ट्यांची जाळी. आधी मी तुराट्यांचा हातभर नमुना बांधला, दोऱ्याने. त्यावर जात्याची तळी ठेवली तरी तो ढिम्म हलला नाही. मग चारी अंगांचा नकाशा काढला, तीनदा तपासला. जालन्याला रेल्वेने आलेले लोखंड गाडीने बीडला आणले आणि महिनाभर उस्तादांनी नांगराचे फाळ सोडून माझा खांब ठोकला. लोक म्हणत, उस्तादांना म्हातारचळ लागला.

इकडे गावाकडून दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आला होता. "होळीपर्यंत आपल्या अकलेने एक तरी वस्तू उभी करून दाखव. न्हाईतर घरी ये. दोन बैल हायेत, तिसरा लागतोच हाय."

त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री मी नकाशा चौथ्यांदा तपासला.

पहिला दिवस. पहाटे गाडी जुंपली. गाडीवान गेनूमामा, नेकनूरपर्यंतचे भाडे दोन रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, कडबा आपला. खांब दोन तुकड्यांत केला होता. मध्यभागी बोल्ट लावून जोडायचा. नमुना मी धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतला होता, का ते सांगता येणार नाही. लोहारखान्यात ठेवला तर उंदीर खातील असे वाटले. प्रत्येक थांब्याला मी उतरून रिवेट मोजत होतो. एकशे बारा. तिसऱ्या वेळी गेनूमामा म्हणाला, "नारायणा, लेक सासरी घालवाय निघालास का बे? किती डागिने मोजतूस?"

उस्ताद गवतावर आडवे पडले होते. "मोजू दे त्याला. हौ, मोजून झाल्यावर झोप तरी लागेल."

पाली बीडपासून तीन कोस. बिंदुसरेच्या वाळूत गाडी उतरवली तेव्हा काठावर धुणे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"आगं, हे काय नेत्यात?"

"पिंजरा हाय. वाघ धराया चाललेत."

"एवढ्या उभ्या पिंजऱ्यात? वाघ काय उभ्यानं झोपतो व्हय?"

गेनूमामा ओरडला, "वाघ न्हाई, मावशे! कंदील धरायचाय!" तर ती म्हणाली, कंदील काय पळून जातोय का? सगळ्या हसल्या, आणि मीही हसलो. बीडहून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

पालीला जेवण उत्तम मिळते. आम्हाला एका मळ्यात गरम भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि गाडगेभर ताक मिळाले. पैसे विचारले तर मळेकरी रागावला. उलट दुपारनंतर घाटाच्या पायथ्याला त्याच्या भावाने आगटी पेटवून हुरडा भाजला. कोवळी कणसे, शेंगदाण्याची चटणी, वर गुळाचा खडा. उस्तादांनी गरम कणीस हातावर चोळले आणि फुंकर मारून दाणे माझ्यापुढे धरले. "खा. रिवेट तिथंच आहेत."

दुसरा दिवस. घाट. वर चढेपर्यंत पाणी नाही, म्हणून पखाल भरून घ्यावी. मधल्या वळणावर पावसाने रस्ता तोडला आहे; तिथे गाडी रिकामी करावीच लागते. आमच्या पुढे सागवानी खांब भरलेली गाडी अडकून पडली होती. सहा माणसे एका खांबाला चिकटली होती आणि तो खांब त्यांनाच मागे ढकलत होता. आम्ही आमचा अर्धा खांब तिघांनी खांद्यावर घेतला आणि चालू लागलो. मग परत येऊन दुसरा नेला. गेनूमामाने तर मुद्दाम एका हातात बिडी धरली.

सागवानवाल्यांचा म्होरक्या घाम पुसत बघत होता. "कावून एवढं हलकं हाय बे? आत काय न्हाईच की!"

"आत वारा भरलाय," गेनूमामा म्हणाला.

मी इतका खूश होतो की त्या माणसाच्या बोलण्याकडे माझे लक्षच गेले नाही. ते पुढे आठवले.

घाटमाथ्यावर पोचलो की मागे वळून पाहावे. खाली बिंदुसरेचे वळण, तिच्या दोन्ही काठांना हिरवी ज्वारी, लांबवर बीडचा धुरकट ठिपका. वारा असा की उस्तादांनी टोपी हातात घेतली. मांजरसुंब्याला बैल सोडले, भाकरी खाल्ली आणि दिवस कलायच्या आत नेकनूर गाठले. पाटलांनी धर्मशाळेची खोली झाडून ठेवली होती.

तिसरा दिवस. सकाळी बाजाराच्या कडेला खड्डा खणला, खांब जोडला, उभा केला, दगड-मुरूम ठासून भरला. वरच्या टोकाला कंदिलासाठी आडवा हात होता. जाळीतून आभाळ दिसत होते. ओळंबा लावला, केसाचाही फरक नव्हता. माणसे जमली.

"लोखंड कुनी खाल्लं ह्याचं?"

"सरकारी काम हाय. अर्धं वाटंतच खात्यात."

साहेब दुसऱ्या दिवशी बाजारच्या वेळी येणार होते. त्यांची परीक्षा ठरलेली होती: टोकाला दोर बांधून आठ माणसांनी ओढायचे. उस्ताद म्हणाले आता आराम करू. पण मला राहवेना. मी म्हटले, आपण आधी ओढून बघू. दोर आडव्या हाताच्या टोकाला बांधला. गेनूमामा, मी आणि दोन गडी, चौघांनीच बाजूला ओढले.

खांब वाकला नाही. वाकला असता तर बरे, वाकण्याचा हिशेब मी केला होता. तो पिळवटला. ओले धोतर पिळावे तसा, मधोमध. जोडाजवळचा चौकोन चेपून पतंगासारखा तिरका झाला आणि दोन रिवेट टणकन उडाले. दोर सोडल्यावर खांब कुरकुरत परत सरळ झाला, पण सगळ्यांनी पाहिले होते. कोणी हसले नाही. ते जास्त वाईट होते.

उस्तादांनी उडालेले रिवेट शोधून खिशात टाकले. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," एवढेच बोलले. मला मात्र दादांचा तिसरा बैल दिसू लागला. मी जाळीची एकेक पट्टी तपासली. सगळ्या जागच्या जागी होत्या. नकाशाप्रमाणे एकही चूक नव्हती.

खांबासमोरच यसामावशींचे घर. गावातल्या बाजा विणून देतात. त्या अंगणात अंबाडीच्या सुतळीने एक बाज विणत होत्या आणि मघापासून सगळे बघत होत्या. विणून झालेली बाज त्यांनी जमिनीवर टेकवली तर तिचा एक पाय अधांतरी राहिला. त्यांना काही वाटले नाही. एक दोर घेतला, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याला बांधला, मध्ये काठी खुपसून पिळत गेल्या. बाज करकरली आणि चौथा पाय अलगद जमिनीला लागला.

मी बघतच राहिलो.

"काय बघतूस लेकरा? बाज बघितली न्हाईस का कवा?"

"मावशी, चारी बाजू विणल्यात, मग वाकडी कशी झाली?"

"बाजू लई विनशील. कोन्याला कोना कुनी धरलाय?" त्यांनी दाराबाहेर उभ्या माझ्या खांबाकडे हनुवटी केली. "तुज्या त्याचंबी तसंच हाय की. भायेरून लई नटवलाय. आत काय न्हाईच."

घाटातला माणूस हेच बोलला होता. मी धर्मशाळेकडे पळालो, पिशवीतून नमुना काढला, फडके सोडले. तुराट्यांच्या आत, तीन ठिकाणी, कोपऱ्यापासून कोपऱ्याला बारीक काड्यांच्या फुल्या होत्या. मीच घातलेल्या. दोरा बांधताना चार तुराट्या हातात राहात नव्हत्या, म्हणून धरायला म्हणून आत काड्या अडकवल्या होत्या. नंतर त्या निघेनात, म्हणून राहू दिल्या. कामचलाऊ काड्या कोण नकाशात काढतो? मी चारी अंगे बाहेरून बघून काढली आणि जात्याची तळी ज्यांनी तोलली त्यांनाच सोडून दिले.

नमुना घेऊन उस्तादांकडे गेलो आणि आतल्या काड्या दाखवल्या. त्यांनी आत बोट घालून एकेक काडी मोडली. नमुना दोन्ही हातांनी पिळला. तो लगेच तिरका झाला.

"या अल्ला," उस्ताद म्हणाले आणि इतके मोठ्याने हसले की गेनूमामा उठून बसला. "महिनाभर मी ठोकतोय, आणि खांब तुझ्या पिशवीत!"

चौथा दिवस. लोखंड आणायचे कुठून? नेकनूरच्या लोहाराकडे गाडीच्या चाकांच्या तुटक्या लोखंडी धावा पडल्या होत्या. त्याने भाता दिला, जागा दिली, स्वतः घण घेतला. धाव तापवून सरळ केली, आठ पट्ट्या तोडल्या, दोन-दोनच्या चार फुल्या. खांब खाली घेतला, जोड सोडला, आत हात घालून तळाशी, जोडाच्या खाली, जोडाच्या वर आणि टोकाला फुल्या बसवल्या. आतून ठोकायला माझाच हात जात होता, उस्तादांचा पंजा मोठा. माझे कोपर सोलून निघाले. खांबाचे वजन पायलीभर ज्वारीइतकेही वाढले नाही. बाजार भरू लागला होता. गूळ, मिरच्या, घोंगड्या, शेळ्या, आणि भोवती आमचा ठोकाठोकीचा आवाज. माणसे सौदा सोडून बघायला येत.

उडालेल्या दोन रिवेटच्या जागी नवे ठोकले, खांब पुन्हा उभा करून मुरूम ठासला, तोवर साहेब घोड्यावरून आले. आठ माणसे निवडली. त्यात पाटलांचा पहिलवान पुतण्या. दोर आडव्या हाताच्याच टोकाला बांधला.

"ओढा!" साहेब म्हणाले.

दोर ताणला. खांब तार छेडल्यासारखा गुणगुणला. मी डोळे मिटले. कानावर फक्त माणसांचे हुंकार आणि एका शेळीचे बें-बें येत होते. उघडले तेव्हा पहिलवानाच्या टाचा मातीत रुतल्या होत्या आणि खांब तिथेच होता. साहेबांनी आणखी चार माणसे लावली. दोर तुटला. बाराच्या बारा माणसे मिरच्यांच्या ढिगात पडली.

शिंका थांबायला बराच वेळ लागला.

साहेबांनी ओळंबा लावला, नकाशा मागितला, जाळीत डोकावले. "आत या फुल्या दिसतात. नकाशात नाहीत."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "राहिल्या होत्या साहेब. काल सापडल्या."

"कुठं?"

"यसामावशींच्या बाजेत."

साहेबांनी बाज पाहिली, मावशींना पाहिले, मग मला पेन्सिल दिली. "लिहून घ्या. बाकीचे चार फुल्यांसकट."

मी नकाशावर फुल्या काढल्या. रेघा सरळ आल्या. मावशी शेजारी उभ्या होत्या. "उजेड माज्या दारापतोर पडंल का रं?"

"पडेल, मावशी."

"मग बाज आता भायेरच टाकते," त्या म्हणाल्या.

परत. उतारावर रिकामी गाडी पळते. दीड दिवसात बीड. तिथून मी शिरूरला घरी गेलो. दादांनी सगळे ऐकून घेतले. मिरच्यांचे सांगितले तेव्हा मिशीत हसले. ओसरीवर त्यांची बाज होती. बसले की ती डुलायची. एका पायाखाली खापरीचा तुकडा, मी लहान असल्यापासून.

मी दोर घेतला, कोन्यापासून कोन्याला बांधला, काठी घालून पिळला. खापरी काढून अंगणात टाकली. दादा येऊन बसले. इकडे कलले, तिकडे कलले. मग पूर्ण आडवे झाले आणि छपराकडे बघत राहिले.

तसेच पडून म्हणाले, "ते बाकीचे चार कवा करायचेत?"

"होळीच्या आत."

"मग हितं काय करतूस? उद्या सकाळीच नीघ."