नानांचं पित्त

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात पुना नानांची उभी हयात गेली. ढिगात हात घालायचा, एक मिरची नाकाशी धरायची आणि ती किती तिखट ते छातीठोक सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण आडतीवरचं काम सुटलं, नाना घरी बसले आणि त्यांना निदान करायला मिरच्या उरल्या नाहीत. मग त्यांनी माणसं धरली.

झालं असं, की मंगल कार्यालयात आयुर्वेदाचं शिबिर भरलं. धुळ्याच्या वैद्य भाविकाताईंनी नानांची नाडी पाहिली, भूक, झोप, स्वप्नं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "नाना, तुमची प्रकृती पित्ताची. तिखट जरा बेतानं." बस्स! मोठा मान मिळावा तसे नाना छाती काढून घरी आले. जन्मभर ज्या चिडकेपणापायी लोकांनी नावं ठेवली, तो मुळी स्वभाव नव्हताच, ते पित्त होतं! आता ओरडायला त्यांना शास्त्राचा आधार मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीची धडगत राहिली नाही. पानटपरीवाला वना भाऊ बडबड्या, म्हणून तो वाताचा, आणि वाताची माणसं म्हणे स्वप्नात उडतात. "स्वप्नात उडतोस का रे?" नानांनी त्याला भर चौकात विचारलं. वना म्हणाला, "नाना, झोप लागनी ते उडसू ना! रातभर गिऱ्हाईकच ऱ्हातस." झोप नाही, म्हणजे वात पक्का! गोठ्यातली म्हैस कफाची. तिला स्वप्नात पाणी दिसतं, हे नानांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं.

घरात तर विचारूच नका. मुलगा ललित हडकुळा, म्हणून वात. त्याला गरम आणि तेलकट हवं. सून दिपमाला अंगानं भरलेली, म्हणून कफ. तिला रुक्ष आणि हलकं हवं. त्या बिचारीचा कळण्याच्या भाकरीवर भारी जीव, पण त्यात ज्वारीबरोबर उडीद, आणि उडीद कफ वाढवणारा, म्हणून ती बंद. आणि नाना स्वतः पित्ताचे, त्यांना मिरचीचा वाससुद्धा नको. म्हणजे एका घरात तीन फोडण्या, तीन भाज्या. नाना ओट्यावर बसून हुकूम सोडायचे आणि आत त्यांची बायको मंजुळाबाई चुलीपुढून गॅसपुढे, गॅसपुढून चुलीपुढे फिरायच्या. ललितचं मोबाइलचं दुकान, दिपमालाची पतपेढीतली नोकरी. दिवसभर घरात हात ते मंजुळाबाईंचे एकटीचेच.

मंजुळाबाईंची प्रकृती कुठली? ते मात्र नानांनी कधी पाहिलं नाही. त्यांना मध्येच अंधारी यायची, त्या भिंत धरून उभ्या राहायच्या. दिपमालानं दोनदा सांगितलं, "नाना, आईंना चक्कर येते. एकदा दाखवून आणू."

"तिला काय धाड भरली? गडी माणसासारखं काम करते," नाना म्हणाले. "आणि माझ्या काढ्याचं काय झालं?"

अशात थंडी पडली. खान्देशात थंडी पडली की वांगी भाजायला निघतातच. शेतात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ झाला, वना भाऊही आला, लांब हिरवी वांगी खरपूस भाजली. आणि नानांनी फर्मान काढलं, भरीत तीन प्रकारचं होणार! वाताला तेल जास्त, कफाला तेल नाही, पित्ताला मिरची नाही. "बिगर मिरचीनं भरीत?" वना कळवळून ओरडला, "नाना, त्यापेक्षा माले उपाशी ठेवा!"

सगळे हसले. मंजुळाबाई तिसरं भरीत ठेचत होत्या. मुसळ हातातून सुटलं आणि त्या तशाच जाळाकडे कलंडल्या. दिपमालानं ओढलं म्हणून पदर तेवढा जळाला. नाना जागचे हललेच नाहीत. त्यांना काय करावं ते सुचेना, आणि असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

धुळ्याला भाविकाताईंपुढे बसले, तेव्हा मात्र जीभ परत आली. "ताई, वात असणार बघा. नाहीतर वात-कफ."

"नाना, तुम्ही जरा गप्प बसा." ताईंनी मंजुळाबाईंची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी पाहिली. "जेवता कधी, अक्का?"

"बठ्ठासनं जेवन व्हयनं का मंग."

"आणि काय जेवता?"

"उरेल ते. थोडं ललितनं, थोडं सूनबाईनं, थोडं यासनं. फेकानं का?"

भाविकाताईंनी नाडीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "अंगात रक्त दिसत नाही. आजच तपासून घ्या, मग औषध ठरवू. पण नाना, औषधाआधी गरम जेवण, वेळेवर, सगळ्यांच्या बरोबरीनं. अक्का, तुम्हाला आवडतं काय खायला?"

मंजुळाबाईंनी नानांकडे पाहिलं. घरातल्या सगळ्यांचं नानाच सांगत, तसं हेही तेच सांगतील असं त्यांना वाटलं. नानांनी तोंड उघडलं. म्हशीची स्वप्नं ठाऊक असलेल्या त्या माणसाला बायकोला काय आवडतं ते ठाऊक नव्हतं. लाज वाटली, चांगलीच वाटली.

रक्त तपासून परतताना सोनगीरच्या पुढे एका ढाब्यापाशी त्यांनी भाड्याची गाडी थांबवायला लावली. "ललितनी माय, काय खाशी?"

"तुम्हले चाली ते."

"माले नही. तुले."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग हळूच म्हणाल्या, "शेवभाजी. तिखट."

पित्त वाढेल हे शब्द नानांच्या ओठावर आले होते. त्यांनी ते गिळले. ढाब्यावर लालभडक, तर्रीदार शेवभाजी आली, वाफ निघत होती. मंजुळाबाई हात मांडीत घेऊन बसून राहिल्या.

"खाय ना."

"तुम्ही आधी."

नानांनी समजावलं, मग ओरडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. नवऱ्याच्या आधी घास उचलायला तो हात शिकलाच नव्हता, आणि शिकू नये याची तजवीज नानांनीच इतकी वर्षं केली होती. भाजी निवत चालली. शेवटी नाना उठले, पोऱ्याला ती पुन्हा गरम करून वाढायला सांगितली आणि स्वतः बाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं मागून भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग एक ठसका, मग पाण्याचा पेला उचलल्याचा आवाज, मग पुन्हा भाकरी. नाना वळले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिखटाचं म्हणावं, तर त्यांनी घासही खाल्ला नव्हता.