शिफ्ट कुणी दाबली?

आमच्या घरात बिघडलेल्या वस्तू मी दुरुस्त करतो, आणि मी दुरुस्त केलेल्या वस्तू नंतर सलीमभाई दुरुस्त करतात. ही पद्धत गेली कैक वर्षं सुरळीत चालू आहे. मिक्सर, इस्त्री, दारावरची बेल (ती मी दुरुस्त केली तेव्हापासून बेल वाजली की संडासातला दिवा लागायचा) सगळं याच वाटेने गेलं. सलीमभाईंचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे त्यांनाही फार लांब पडत नाही.

मी शाळेत बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुवायचो आणि फुटल्या की वहीत लिहायचो. पण बाहेर सांगताना मी ‘विज्ञान विभागात होतो’ असं सांगतो, आणि ते इतक्यांदा सांगितलंय की आता माझाही त्यावर विश्वास बसलाय. पुढचं सगळं त्या विश्वासानेच झालं.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. आधी तो पडून होता. मग माझ्या बायकोने, सुमनने, त्याच्यावर ताबा मिळवला. तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, चाळीस वर्षं चादरींचे आणि टॉवेलांचे ग्राफ काढायचे. चादरीवर मोर दिसतो तो आधी कागदावर चौकट चौकट रंगवावा लागतो, तेव्हा तो मागावर उतरतो. सासूबाई गेल्यापासून मामा आमच्याकडेच राहतात. वय ब्याऐंशी. हात थरथरतो, त्यामुळे चौकटीत रंग राहत नाही. तर त्यांचे जुने पिवळे पडलेले ग्राफ सुमन कॉम्प्युटरवर नव्याने काढत होती. आमच्या गावच्या तळ्यातल्या देवळाचं शिखर, त्याच्या ओळी, त्याचे काठ. तीन महिन्यांत चौदा डिझाइनं झाली होती, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता एका कारखानदाराने ती बघायला बोलावलं होतं.

सुमनने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी कुणाची वेळ घेतली होती. साडीसुद्धा काढून ठेवली होती.

अडचण एकच. कॉम्प्युटर भयंकर हळू चालायचा. बटण दाबून मी आंघोळ करायचो, देवपूजा उरकायचो, चहा घ्यायचो, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उजाडायचं. मधूनच आतून घरघर यायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं.

“अहो, सलीमभाईंना बोलवा की,” शुक्रवारी सुमन म्हणाली. “सोमवारी हा असाच बसला तर पेन ड्राइव्हमध्ये तरी कसं घेऊ?”

“एवढ्यासाठी सलीमभाई कशाला?” मी म्हणालो. “मी बघतो.”

सुमनचा चेहरा पडला. “तुम्ही नका बघू,” ती म्हणाली. पण मी विज्ञान विभागातला माणूस.

शनिवारी ती बहिणीबरोबर अक्कलकोटला दर्शनाला गेली. मामा न्हाव्याकडे गेले. घरात मी आणि कॉम्प्युटर दोघेच. मी त्याच्यावरच एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक पोरगेलासा माणूस कॉम्प्युटर रॉकेटसारखा कसा पळवायचा ते सांगत होता. मी तो पाच वेळा पाहिला (दोनदा समजून घ्यायला, तीनदा आवडला म्हणून). त्याचं म्हणणं असं की कॉम्प्युटरच्या पोटात ‘टेंप’ नावाचा कचरा साठतो. टेंप म्हणजे तात्पुरतं, बिनकामाचं. तेव्हा शोधायच्या चौकटीत टेंप लिहा, जे जे सापडेल ते सगळं निवडा, आणि शिफ्ट दाबून डिलीट करा. “शिफ्ट दाबून,” तो बोट वर करून म्हणायचा, “म्हणजे मुळासकट जातं!”

मी टेंप लिहिलं. बापरे, केवढा कचरा! मी कंबर कसली. डाव्या हाताने शिफ्ट, उजव्या हाताने डिलीट. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्याने परत विचारलं. मला रागच आला. तीन मजले झाडून काढल्यासारखं वाटलं आणि मी हात धुऊन आलो.

दुपारी सुमन आली. प्रसाद देवापुढे ठेवला आणि तशीच कॉम्प्युटरपुढे बसली. माऊस इकडेतिकडे फिरवत राहिली. मग म्हणाली, “अहो, माझा फोल्डर दिसत नाहीये.”

“कुठला?”

“देवळाच्या डिझाइनांचा. टेंपल बॉर्डरचा. टेंपल कुठं पुरतं लिहायचं म्हणून मी नुसतं टेंप नाव दिलं होतं.”

  आता इथे कुठलाही भला माणूस म्हणाला असता, सुमन, माझ्या हातून चूक झाली. मी काय म्हणालो ते सांगायला आजही जीभ अडखळते. मी म्हणालो, “काल मामा बसले होते ना इथे? माऊस हातात घेतला होता त्यांनी.”

बसले होते, हे खरं. आदल्या संध्याकाळी मामा भिंग घेऊन आपलीच डिझाइनं पडद्यावर बघत होते. माऊसला त्यांनी एकदा हात लावला होता, तोही सुमनला विचारून.

मामा दाराशी खुर्चीवर बसले होते. नवीन कापलेल्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. माझ्याकडे एकदा पाहिलं.

“आसंल बाई,” ते सुमनला म्हणाले. “माजा हात थरथरतोय. लागलं आसंल काय तरी.”

“बाबा, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ,” सुमन म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

 ताटं वाढली. मामांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीत बुडवला आणि तसाच ठेवून उठले. मी मात्र जेवलो. दोन भाकरी जेवलो, कारण न जेवावं तर संशय येईल, असा माझा शास्त्रीय विचार होता. 

चार वाजता सुमनने स्वतःच सलीमभाईंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बसले.

“कचऱ्याच्या डब्यात पण नाय,” ते म्हणाले. “म्हणजे शिफ्ट दाबून डिलीट मारलंय, साब. चुकून असं होत नाय. दोन हात लागतात त्याला.”

 मामांचा एक हात उभे असताना काठीवर असतो आणि पडद्यापुढे बसले की भिंगावर. ही गोष्ट आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे. तरीसुद्धा मी, निर्लज्जपणे, दुसऱ्यांदा म्हणालो, “मामांकडून दाबली गेली असेल शिफ्ट.”

“आसंल,” मामा म्हणाले.

“बघू या, परत येतंय का,” सलीमभाई म्हणाले. “एक सॉफ्टवेअर घ्यावं लागेल.” त्यांनी इंटरनेटची खिडकी उघडली.

जो कॉम्प्युटर उठायला अर्धा तास घ्यायचा, जो सुमनला एक रेघ मारू द्यायला घाम फोडायचा, तो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा झटकन चालला. खिडकी उघडायचा अवकाश, सकाळचा व्हिडिओ अर्ध्यातून सुरू झाला. आवाज मी पूर्ण वाढवून ठेवला होता. “टेंप नावाचं जे जे दिसेल ते बिनधास्त उडवा! शिफ्ट दाबून! म्हणजे मुळासकट जातं!”

सलीमभाईंनी शांतपणे तो बंद केला आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. भला माणूस. सुमन माझ्याकडे बघत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं, पण आमची फरशी मजबूत आहे.

“मीच,” मी म्हणालो. “सकाळी. मामा न्हाव्याकडे गेले होते तेव्हा.” आणि मामांकडे वळलो. “मामा, माझं चुकलं. मी तुमच्यावर ढकललं.”

“ठाव हाय की,” मामा म्हणाले.

“म्हणजे?”

“अवो जावईबापू, मला शिफ्ट तीनच ठाव. पैली, दुसरी आन् तिसरी. भोंगा वाजला की सुरू आन् भोंगा वाजला की सुट्टी. ती दाबायची आसती हे मला आत्ता सलीमभाईनं सांगितलं तवा कळलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

मामांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “जावई हाय तुमी,” ते म्हणाले. “लेकीसमोर, पावण्यासमोर जावयाला खोटं कसं पाडायचं?”

यापेक्षा त्यांनी ती काठी माझ्या पाठीत घातली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढे निदान मान खाली घालता येते. इथे समोरचा माणूस माझा मान राखत होता आणि मी तो कुठे ठेवू हे मला कळत नव्हतं. सुमन आत गेली आणि बापासाठी ताट घेऊन आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

हवा हलकी करावी म्हणून असेल, सलीमभाई म्हणाले, “फायली शोधायला वेळ लागेल. तवर हा हळू का चालतो ते बघू की.” आणि त्यांनी मशिनच्या डब्याचं झाकण काढलं.

आत सुताची धूळ होती, ती असणारच. शेजारी माग आहे, आमच्या डाळीतसुद्धा सूत निघतं. पण त्या सुतात लाल-पिवळा थर होता. सलीमभाईंनी बोटाने उचलून बघितला. मग पंख्यातून चिमट्याने एक एक दाणा बाहेर काढायला लागले.

“साब, हे तांदूळ हायत का?”

“अक्षता,” मामा तिथूनच म्हणाले. “हळद-कुंकू बी आसंल बगा.”

आता हे सांगणं भाग आहे. दर खंडेनवमीला शेजारी मागाची पूजा होते, तशी मी आमच्या यंत्राची करतो. आणि मी कंजूष असलो तरी देवाच्या बाबतीत नाही. डब्याच्या वरच्या बाजूला जाळी आहे. तिथे चिमूटभर वाहिलं की ते लगेच दिसेनासं व्हायचं. मला वाटायचं, स्वीकारलं. म्हणून मी मूठभर वाहायचो. सहा खंडेनवम्या आणि सहा लक्ष्मीपूजनं, असा सगळा प्रसाद त्या पंख्याने गिळला होता. झेंडूच्या पाकळ्याही निघाल्या.

“पंखा जाम, म्हणून गरम होतो. गरम झाला की हळू चालतो,” सलीमभाई म्हणाले. “टेंपचा काय संबंध नव्हता, साब.”

ब्रशने डबा साफ केल्यावर यंत्र सुरू झालं ते असं की बटणावरून बोट काढायच्या आत पडदा उजळला. एका ब्रशचं काम. सुमनने शुक्रवारी नेमकं हेच सांगितलं होतं, की सलीमभाईंना बोलवा.

रात्रीपर्यंत चौदापैकी अकरा डिझाइनं परत आली. तीन फायली उघडल्या, पण देवळाचं नुसतं जोतं दिसत होतं आणि वर पांढरं.

रविवारी सकाळी मामांनी ट्रंकेतून ते तीन जुने ग्राफ काढले आणि मला हाक मारली. “जावईबापू, शिफ्ट दाबली तुमी. आता शिफ्ट करा.”

काम असं होतं. सुमन कॉम्प्युटरवर, मी शेजारी ग्राफ घेऊन, आणि चौकटी मोजून सांगायच्या. “तीन काळ्या, दोन पांढऱ्या, सात काळ्या.” हेच, ओळीमागून ओळ. माझी ओळ चुकली की मामा खुर्चीतून न बघता म्हणायचे, “पाच हायत तितं.” आणि पाचच असायच्या. चाळीस वर्षांपूर्वी रंगवलेल्या चौकटी त्या माणसाला तोंडपाठ होत्या आणि मी म्हणालो होतो की यांच्या हातून चुकून पुसलं गेलं. पहिली शिफ्ट झाली, दुसरी झाली. संध्याकाळी सात वाजता शेवटच्या शिखरावर कळस बसला. मामांनी तोंडाने भोंगा वाजवला. सुमन हसली. शनिवारपासून ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मीही हसलो, तर ती हसायची थांबली.

सोमवारी ती आणि मामा रिक्षाने कारखान्यात गेले. मला नेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. कारखानदाराने चार डिझाइनं ठेवून घेतली आणि आणखी आणा म्हणाला. रविवारी केलेल्या तीन डिझाइनांपैकी एक त्यात होतं.

सुमनने आता फोल्डरचं नाव बदललंय. ‘जावई’ असं ठेवलंय. मी दबकत विचारलं, हे काय नाव? ती म्हणाली, “बाबा म्हणतात, आपल्या घरात जावयाला कुणी धक्का लावायचा नाही.”

ऐकून डोळ्यांत पाणी आलं. एवढं सगळं होऊनही घरात आपला मान शिल्लक आहे म्हणायचा. सहज उघडून बघावं म्हणून मी त्यावर टिचकी मारली, तर त्याने पासवर्ड मागितला.

तो मामांना माहीत आहे, सलीमभाईंनाही माहीत आहे. जावयाला सांगितलेला नाही.