बोयींच्या हौदातला जवळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आणि मालिनीला—तिला तर नाहीच!

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी आणि माझी मैत्रीण मालिनी, दोघी कॉलेजात प्राणिशास्त्राला. बोय हा खाडीतला मासा पहिल्यांदा फाडला, आणि आतडं ओढतोय, ओढतोय—संपेचना! शेजारच्या टेबलावरच्या बोंबलाचं मात्र इवलंसं. का? तर बोय चिखल-शेवाळ खाते, बोंबील दुसरे मासे गिळतो. काय भारी वाटलं होतं!

मालिनी तर पेटलीच. हे लांब आतडं रक्तातूनच येतं, की खाण्याने घडतं? पिल्लांना मांसच घातलं तर आतडं आखूड राहील, असं ती पैजेवर सांगायची. सर म्हणाले, दाखव करून, संशोधनासाठी तुझं नाव पाठवतो.

पार्ल्याला माझ्या घरामागच्या अंगणात दोन रिकामे हौद होते. वर्सोव्याहून खाडीचं पाणी आणलं, बोयीची पिल्लं आणली. एका हौदात मी रोज शेवाळ घालायचं, दुसऱ्यात जवळा. ती सुकवलेली बारीक कोळंबी मालिनीने भांडुपच्या तिच्या घरून डबा भरून, कुटून आणली.

आता—सांगतेच. आमचं घर सोवळ्याचं. कॉलेजातून आले की आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघर. डब्याचं झाकण उघडलं आणि तो वास—बाप रे! आईला कळलं असतं तर हौदासकट सगळं बाहेर. पण आईचं नाव कशाला घेऊ? मलाच हात घालवेना. डबा नाल्यात रिकामा केला आणि दोन्ही हौदांत शेवाळच टाकत राहिले.

मालिनी विचारायची, "खातात ना गं?"

"फडशा पाडतात!" मी म्हणायचे.

दोन्हीकडची आतडी सारखीच लांब निघाली. निघणारच ना! सर म्हणाले, रक्तातलं ते रक्तातलंच. मालिनीचं नाव गेलं नाही. तिने शिकणं सोडलं, ऑफिसात चिकटली. मी? मी पुढे प्राणिशास्त्र शिकवलं, आणि वर्गात आमच्या हौदांचं उदाहरण दिलं.

बऱ्याच वर्षांनी एका लेखात वाचलं—खाण्याप्रमाणे माशाचं आतडं थोडंफार बदलतं. उडालेच मी! मालिनीचं बरोबर होतं! फोनही उचलला. आणि ठेवून दिला.

ती आता घाटकोपरला असते. घरी बोय आणली की आठवणीने फोन करते, खो-खो हसत म्हणते, "काय गं, या बोयींनी माझी वाट लावली ना तेव्हा!"

मीही हसते.