बोल्टवरचा पंजा

पिंपरीला पहिला कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. काडतुसं स्वस्त मिळतात म्हणून मला सरावासाठी बावीस बोअरची रायफल घ्यायची होती. चिंचवडच्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं दोन जुन्या रायफली चालवून बघायला नदीच्या दरडीसमोर आणल्या. रायफल हातात घेताना दर वेळी तो बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, उघडून आत काडतूस राहिलं नाही ना हे करंगळीनं चाचपायचा. मला हसू यायचं.

मी त्यातली चकचकीत रायफल उचलून, काडतूस भरून चाप ओढला. नुसतं ‘खट्’ झालं. बोल्ट उघडायला गेलो, तर मिस्त्रीचा पंजा माझ्या हातावर आदळला.

“हलू नगा. कधीकधी उशिरा उडतंय.”

तो पुटपुटत साठपर्यंत मोजत राहिला. माझी बोटं चेंगरत होती. मग त्यानंच बोल्ट उघडून काडतूस काढलं.

“फुसकंच होतं की!” मी चिडलो.

“व्हय,” दुसरी रायफल माझ्या हाती देत तो म्हणाला, “माझ्या भावाचं न्हवतं.”